पत्र्यापलीकडचा दिवा

अक्का, आज खिळे काढले. चार मी माझ्या डोक्यानं ठोकले होते आणि पाचवा तुम्ही सांगितला म्हणून. तो पाचवाच निघेना. ह्यांनी पक्कड लावून बघितली, हातोडीचं मागचं टोक लावून बघितलं, शेवटी गिलाव्याचा ढपला घेऊन तो बाहेर आला. "येवढा खोल कशापायी ठोकलीस?" म्हणाले. तुम्ही असतात तर पलीकडून उत्तर दिलं असतं, आणि ते मला दिवसभर लागत राहिलं असतं.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. भेटायला येणं बंद, म्हणून लोक फोनवरच रडतात. "लई चांगल्या हुत्या अक्का," म्हणतात. मला त्यातही हसू येतं. तुम्ही चांगल्या कुठं होतात? तुम्ही माझ्या थोरल्या जाऊबाई होतात. माझ्या वाळवणात खडा शोधणाऱ्या, माझ्या शिलाईची उलटी बाजू बघणाऱ्या. पण संध्याकाळ व्हायला लागली की मी आपल्या मधल्या भिंतीजवळ जाऊन उभी राहते. तुम्हाला ठाऊक असलेलंच सगळं पुन्हा सांगणार आहे. मध्ये एक गोष्ट आहे, ती पहिल्यापासून सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून निघायची नाही.

पंधरा वर्षांपूर्वी दोघा भावांच्या वाटण्या झाल्या आणि मधल्या खोलीतून भिंत उभी राहिली. उगवतीची बाजू आम्हाला, मावळतीची तुम्हाला. भांडी वाटली, गुरं वाटली, जातंसुद्धा वाटलं. खालची तळी तुमच्याकडं, वरची आमच्याकडं, म्हणजे दळण कुणाचंच होऊ नये. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी दिवा तेवढा वाटू दिला नाही. "घर दोन करा, दिवा एकच ऱ्हाईल," म्हणाल्या. म्हणून गवंड्यानं भिंतीत आरपार दिवळी ठेवली, ताटाएवढी, आणि तिच्या मधोमध पितळी दिवा. दिवेलागणीला लावला की दोन्ही घरांत उजेड. एक महिना तुमचा, एक महिना माझा, अमावास्या झाली की बदल. जळून उरलेलं वातीचं बोंडूक टाकायचं नाही, डबीत ठेवायचं आणि महिना संपला की परसातल्या बेलाखाली पुरायचं. माझी बोंडकं पुरायच्या आधी तुम्ही मोजायच्यात. म्हणजे, मोजत नाही असं दाखवत मोजायच्यात.

आता ती गोष्ट. थोरले भाऊजी अंथरुणाला खिळले होते, तेव्हाची. महिना माझा होता. लोहाऱ्याला माझ्या चुलतबहिणीच्या लेकीचं लग्न होतं. दिवेलागणीच्या आत परतायचं ठरवूनच गेले होते, पण जीप भरेना. ड्रायव्हर म्हणे अजून दोन शिटा, अजून एक शीट. घरी पोचले तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता आणि दिवळी काळीकुट्ट. त्या वेळी लावायचं सुचलं नाही, भीती वाटली. सकाळी एक नवी वात घेतली, गॅसवर धरून जाळली आणि डबीत टाकली. चौथ्या दिवशी भाऊजी गेले.

महिना संपल्यावर तुम्ही मला एकदाच विचारलंत. पांढऱ्या कपाळानं दिवळीपलीकडं उभ्या होतात. "रत्ना, समदे दिस लावलीस न्हवं?" मी म्हणाले, "व्हय." तुम्ही तीस बोंडकं मोजलीत, मान हलवलीत आणि ती घेऊन परसात गेलात. त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही तो विषय काढला नाहीत आणि मी तुमच्याशी कामापुरतं बोलत राहिले. लोकांना वाटलं वाटणीचा राग. राग कसला, अक्का, मला तुमच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता.

मग गेल्या वर्षी सगळं बंद झालं. चोवीस तास धडधडणारा आपला हायवे एका दिवसात मुका झाला. ढाब्यांच्या खुर्च्या उलट्या पडल्या. ग्रामपंचायतीची गाडी भोंगा लावून रिकाम्या गल्लीतून फिरायची, "घराबाहेर पडू नका," आणि ऐकायला बाहेर कुणी नसायचंच. ट्रकच्या आवाजाखाली इतकी वर्षं दबलेले घराचे आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकू यायला लागले. तुमच्या बाजेची करकर, तुमच्या बांगडीचा आवाज, दुपारी तुम्ही स्वतःशी कानडीत पुटपुटायच्यात ते. एवढ्या जवळ माणूस राहतं हे मला माहीतच नव्हतं.

हे कंडक्टर, तेही घरी. एसटी बंद. सारा जन्म उभ्यानं काढलेला माणूस, घरातही उभ्यानंच चहा प्यायचे, दाराला टेकून. पंधराव्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी ओरडले, "बसा की कुठंतरी!" तर दिवळीतून तुमचा आवाज आला, "डबल बेल मारल्याबिगर ते बसायचं न्हाय!" मी हसले. तुम्ही हसलात. इतक्या वर्षांनी दिवळीतून उजेडाशिवाय काहीतरी इकडून तिकडं गेलं.

त्यानंतर ती दिवळीच आपला बाजार झाली. भाजी सकाळी दोन तास मिळायची, जे मिळेल ते अर्धं इकडं अर्धं तिकडं. तुमची शेंगाचटणी वाटीतून यायची, माझी गव्हाची हुग्गी जायची, आणि परत येणाऱ्या वाटीबरोबर हमखास शेरा: "गूळ हात आखडून घातलीस." ब्लाऊजची कामं थांबली तेव्हा उरलेल्या कापडाचे मास्क शिवायची युक्तीही तुमचीच. मी शिवायचे, तुम्ही नाड्या ओवायच्यात. दिवा लागला की रोज पहिला प्रश्न तुमचा, माहेरच्या आळंदच्या बोलीत, "ऊटा आतेन?" जेवण झालं का. मला कानडी येत नाही, पण तेवढं यायला लागलं. मीही म्हणायचे, "आतू, अक्का." तुम्ही माझ्या उच्चाराला हसायच्यात.

त्या दिवसांत मी तुम्हाला खरं सांगणार होते. तीनदा तरी तोंडापर्यंत आलं. दिव्याच्या एका बाजूला तुम्ही, एका बाजूला मी, मध्ये ती एवढीशी ज्योत, आणि मी म्हणायचे, "अक्का, एक सांगू?" तुम्ही म्हणायच्यात, "सांग की." आणि मी कोथिंबिरीचा भाव सांगायचे.

यंदा पुन्हा बंद झालं, पण यंदाचा बंद वेगळा होता. गेल्या वर्षी रोग टीव्हीत होता, यंदा गल्लीत आला. गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले. रोज सकाळी कुणाच्या तरी दारावर कागद चिकटलेला दिसायचा आणि दुपारपर्यंत त्या घरातून आवाज येणं बंद व्हायचं. माझा महिना सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. शुक्रवारी सकाळी तुमचा खोकला ऐकला. तो साधा नव्हता. आशाताई आल्या, तुमची तपासणी झाली, दाराला कागद लागला. जाताना त्या मला म्हणाल्या, "तुमच्या मालकांना शुगर हाय ना? जपा. दोन्ही घरांत कुठं फट ठिवू नगा."

मी फटीकडं बघितलं. ताटाएवढी होती.

हे भाजीला गेले होते. मी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला. दिवळीपाशी गेले तेव्हा तुम्ही पलीकडं बाजेवर बसला होतात, तोंडाला पदर लावून, मी शिवलेला मास्क त्याखाली. तुम्ही बघत होतात. मी पत्रा लावला आणि तुमचा चेहरा गेला. एक खिळा, दोन, तीन, चार. आजारी माणसाच्या उशाशी मी हातोडी चालवत होते. थांबले, तेव्हा पलीकडून तुमचा आवाज आला. रागाचा नव्हता. "खालच्या कोपऱ्यात आणिक एक ठोक. उजेड यायलाय."

मी पाचवा ठोकला. अक्का, त्या वाक्यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही. शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

ताट तुमच्या पायरीवर ठेवत होते, दोन्ही वेळा. दार वाजवायचं, मागं सरायचं, तुमचा हात बाहेर येऊन ताट आत जायचं. तुमच्या हातच्या भाकरीवर वाढलेलं ते गल्लीतलं तांबडं कुत्रं दिवेलागणीला तुमच्या दारासमोर येऊन बसायचं, तुम्ही अर्धी भाकरी त्याला टाकायच्यात. पत्र्याआडून तुमचं "ऊटा आतेन?" यायचं, पण पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं. पुढं पुढं नुसता खोकला. माझ्याकडची दिवळी बंद, दिवा पलीकडं राहिलेला, म्हणून मी देव्हाऱ्यात निरांजन लावून भागवत होते. एकदा संध्याकाळी भिंतीला टेकले, सहज हात पत्र्याला लागला. पत्रा कोमट होता. मला वाटलं उन्हाळा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी हात लावून बघितला, भर उन्हात, तेव्हा गार होता. दिवेलागणीला पुन्हा कोमट.

मग शनिवारी सकाळी ॲम्ब्युलन्स आली. तुम्ही स्वतःच्या पायांनी बाहेर आलात. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. दाराला कुलूप लावलंत, किल्ली पदराला बांधलीत, गाठ ओढून बघितलीत. मी खिडकीत होते. तुम्ही मान वर केलीत आणि दम लागत लागत म्हणालात, "रत्ना, म्हैना तुझा हाय. आता दिवा तू लाव."

मी म्हणाले, "व्हय, अक्का."

दुसऱ्यांदा. त्याच दिव्यासाठी, त्याच शब्दानं, पुन्हा खोटं. दिव्यापर्यंत पोचायला पत्रा काढावा लागणार होता, आणि पत्र्यापलीकडं तुमच्या खोकल्याची हवा कोंडलेली होती. हे म्हणाले, "धा दिवस तरी काढू नगंस." मला तेच हवं होतं. मी त्यांच्यावर ढकललं आणि मोकळी झाले.

त्या शनिवारी दिवेलागणीला तांबडं कुत्रं नेहमीसारखं आलं. कुलपासमोर बसलं. मी खिडकीतून बघत होते. दार उघडताना बघून ते जसं शेपूट हलवायचं तसं हलवायला लागलं, कान पाडून, मान वर करून. दार बंद होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी आत आले आणि बघायचं नाही, बघायचं नाही म्हणत पत्र्याला हात लावला. कोमट होता. तळहातभर जागा, बरोबर मधोमध.

रविवारीही तसंच झालं. ह्यांना हात लावायला सांगितला. त्यांनी लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "मावळतीची बाजू हाय, पत्रा तापणारच." पण हात काढल्यावर तो त्यांनी विजारीला पुसला, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा न सांगता खुर्चीत बसले.

सोमवारी कुत्रं आलं नाही. दिवेलागणीला मी पत्र्याला हात लावला. गार होता. विहिरीच्या पाण्यासारखा गार. मी तिथंच खाली बसले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "अक्का गेल्या." ते माझ्यावर खेकसले. चहाचं आधण उकळायच्या आत वीरेशचा फोन आला, तुमच्या लेकाचा, सोलापूरच्या दवाखान्यातून. तुम्ही दुपारीच गेला होतात.

आपल्यात माणसाला आडवं करून पाठवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात, डाव्या हातात त्याचं लिंग ठेवतात आणि बसल्या बसल्याच मातीच्या स्वाधीन करतात. तुम्ही सासूबाईंना तसं बसवलं होतंत, त्यांची मान पडू नये म्हणून रात्रभर हनुवटीखाली हात धरून. तुम्हाला बसवायला कुणी नव्हतं. वीरेशनं लांबून बघितलं. मी तर तेही नाही. तुम्ही ह्या भिंतीपलीकडून उठून गेलात, आणि मी तुमच्यासाठी केलेलं शेवटचं काम म्हणजे ते पाच खिळे.

परवा वीरेश किल्ली घेऊन आला. पोराचं वजन निम्मं झालंय. तुमच्या पदराची गाठ त्यानं सोडली नव्हती, तेवढा तुकडाच फाडून आणला होता. कुलूप काढलं. पंधरा वर्षांत मी तुमच्या मधल्या खोलीत आले नव्हते, पुढच्या ओसरीवरूनच परतायचे. वीरेश कागद शोधायला माळ्यावर चढला आणि मी तुमच्या बाजेवर बसले. पाय दुखत होते म्हणून बसले, दुसरं काही मनात नव्हतं.

तिथून सहज समोर बघितलं.

बाजेवरून दिवळी सरळ डोळ्यांसमोर येते. आडवं झालं तरी तीच दिसते, दुसरं काही दिसतच नाही. ह्याच बाजेवर भाऊजी पडून होते. त्या लग्नाच्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दोघं ह्या काळ्या भोकाकडं बघत होतात. दिवा एकच, दोन्हीकडून दिसणारा, आणि मी तो लावला म्हणून त्याच्याकडंच बघत असलेल्या माणसाला सांगत होते! माझ्यासारखी शहाणी मीच. तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं, अक्का. नवरा गेलेली बाई समोर उभी राहून विचारते, खोटं ऐकते, जाळलेली वात खऱ्या वातींमध्ये मोजते आणि बेलाखाली पुरून टाकते. आणि वर मी समजत होते की मी तुमच्यापासून लपवलंय.

मग मी उठून दिवळीत बघितलं. माझ्या पत्र्याची मागची बाजू मधोमध काळी झाली होती. दिव्याशेजारी तुमची डबी. झाकण काढलं. महिना माझा होता, पत्रा मारून मी माझा हात काढून घेतला होता, आणि तुम्ही तापात उठून रोज माझा दिवा लावत होतात. बोंडकं ओळीनं ठेवली होती. तुमच्यासारखीच मोजली, मोजत नाही असं स्वतःला सांगत.

शुक्रवारी पत्रा ठोकला, पुढच्या शनिवारी सकाळी तुम्ही गेलात. संध्याकाळी आठ झाल्या. बोंडकं दहा होती.

वीरेशला दाखवली नाहीत. ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "येखाद्या दिवशी वात संपली आसंल, दुसरी लावली आसंल. दोन डाव." असेल. तुम्ही काटकसरी होतात, एका संध्याकाळी दोन वाती जाळणाऱ्यातल्या नव्हतात, पण असेल. मी वाद घातला नाही. मला त्या दोन वातींची भीती वाटत नाही, अक्का. ज्या दोन संध्याकाळी मी "व्हय" म्हणून लावला नाही, त्याच त्या दोन. मला लाज वाटते. आणि खरं सांगू, लाजेच्या खाली कुठंतरी बरंही वाटतं, कुणीतरी माझ्यावर पांघरूण घातल्यासारखं.

काल अमावास्या झाली. दहा बोंडकं आणि पहिल्या दोन दिवसांची माझी, अशी बारा बेलाखाली पुरली. ह्या खेपेला एकही गॅसवर जाळलेली नव्हती.

आज खिळे काढले. आजपासून महिना तुमचा. हे म्हणाले, "आता दोनी म्हैने तुझेच." मी म्हणाले, "न्हाय. त्यांचा त्यांचाच." दिवेलागणीपर्यंत मी दिवळीपाशी हात बांधून बसून राहिले. पलीकडं तुमची खोली, बाज, मिटलेली चादर. गल्लीत तांबडं कुत्रं येऊन बसल्याचं खिडकीतून दिसलं. हायवेवर आता एखादा ट्रक जातो, पण त्या वेळी तोही नव्हता. अंधार पलीकडच्या कोपऱ्यांतून भरत भरत दिवळीपर्यंत आला. तेव्हा मी बोलले. मोठ्यानं बोलले, हे ऐकत होते तरी. "अक्का, त्या दिशी म्या दिवा लावला न्हवता. ह्या खेपेलाबी लावला न्हाय."

कुणी काही म्हणालं नाही. तुम्ही कशाला म्हणाल, तुम्हाला नवीन काय त्यात.

मग तेल घालायला दिवा उचलला. पितळ कोमट होतं. उन्हाळ्याचे दिवस आहेत, मावळतीची बाजू आहे. मी दिव्याशेजारी राहिलेली तुमची कोरी वात घेतली, तुमच्याच काडेपेटीनं लावली आणि दिवा जागेवर ठेवला. उजेड तुमच्या बाजेवर पडला, उशीपर्यंत.

मी जेवलेय, अक्का. आज लावलाय. खरंच लावलाय. तिकडून दिसतोय ना?